कार्ड तिच्या नावावर झालं म्हणजे हक्क मिळाला का?

एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. ती समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण घेते आहे आणि प्रबंधासाठी तिने विधान घेतलंय: "अरब देशांत बायकांच्या खात्यात थेट रोख मदत दिल्यामुळे त्यांचे हक्क वाढले आणि नागरिकांमधला असंतोष कमी झाला." मार्गदर्शक म्हणतात, हे फार ढोबळ आहे. आपल्याकडच्या लाडकी बहीणशी तुलना करायचंही तिच्या मनात आहे. हे सिद्ध करता येईल का, असं ती विचारते.

मार्गदर्शकांचं ऐका. विधान चुकीचं आहे असं नाही, पण त्यात तीन वेगवेगळे दावे एकाच गाठोड्यात बांधलेत. पैसे बाईच्या हातात पोचतात, हा पहिला. पोचले की हक्क वाढतो, हा दुसरा. आणि हक्क वाढला की माणसं शांत होतात, हा तिसरा. पहिला तपासायला सोपा आहे. दुसरा तपासताना घाम फुटतो. तिसरा मला आता खराच वाटत नाही, आणि का ते जरा लांबवून सांगते.

मी कुठून बोलते तेही सांगून टाकते. सुरुवात मराठवाड्यात रोजगार हमीच्या मस्टरांपासून झाली. पुढे इजिप्त, जॉर्डन आणि ट्युनिशिया मिळून अकरा वर्षं सामाजिक संरक्षणाच्या योजनांवर काम केलं, बहुतेक लाभार्थी नोंदणी आणि तक्रार निवारण या बाजूनं. म्हणजे धोरण ठरवणाऱ्या टेबलावर मी नव्हते, खिडकीच्या आतल्या बाजूला होते. सीरिया, येमेन, सुदान यांच्यावर बोलणार नाही. युद्ध चालू असताना मदत वाटणं हे काम वेगळंच आहे. आणि 'अरब देश' हा शब्द प्रबंधातून शक्यतो काढाच. मोरोक्को आणि कुवेत यांना एका शब्दात बांधणं म्हणजे गडचिरोली आणि बांद्र्याचा सरासरी पाऊस काढणं.

इजिप्तपासून सुरुवात करू, कारण तिथे सगळं रोटीपाशी येऊन थांबतं. अरबीत इतरत्र रोटीला 'खुब्झ' म्हणतात. इजिप्तमध्ये म्हणतात 'ऐश', आणि त्याचा अर्थ जगणं असाही होतो. २०११ च्या उठावात कैरोच्या तहरीर चौकात घोषणा होती 'ऐश, हुर्रिया, अदाला इग्तिमाइया', म्हणजे रोटी, स्वातंत्र्य, सामाजिक न्याय. पहिला शब्द रोटीचा.

त्याच्याही आधीची गोष्ट १९७७ ची. नाणेनिधीच्या सल्ल्यावरून राष्ट्राध्यक्ष सादात यांच्या सरकारनं जानेवारीत पीठ, तांदूळ, साखर, तेल यांच्यावरचं अनुदान कापलं. १८ आणि १९ जानेवारीला अलेक्झांड्रियापासून अस्वानपर्यंत माणसं रस्त्यावर उतरली. सैन्य आलं, संचारबंदी लागली, कित्येक माणसं मेली आणि दोन दिवसांत दरवाढ मागे घेतली गेली. सादात त्याला 'चोरांचं बंड' म्हणाले. पण धडा सगळ्यांनी घेतला. पुढे रेशनच्या रोटीची किंमत पाच पियास्तरवर (शंभर पियास्तरांचा एक इजिप्शियन पाउंड) येऊन थांबली ती तिथेच तीन दशकांहून जास्त खिळली. सरकारं आली, गेली, एक राष्ट्राध्यक्ष तुरुंगात गेला, दुसरा गेला, पण पाच पियास्तर हलले नाहीत. हलवता येईना म्हणून वजन हलवलं. २०२० मध्ये रोटी ११० ग्रॅमवरून ९० ग्रॅमवर आणली. आपल्याकडे बिस्किटाचा पुडा पाच रुपयांचाच राहतो आणि आतली बिस्किटं कमी होतात, तसंच. शेवटी जून २०२४ मध्ये किंमत एकदम चौपट, वीस पियास्तर झाली.

आणि तेव्हा मोठं आंदोलन झालं नाही. तुम्ही इथेच "बघा, तोवर रोख मदत योजना आली होती, म्हणून लोक शांत राहिले" असं लिहाल. घाई करू नका. नोव्हेंबर २०१३ पासून तिथे निदर्शनांवर कडक कायदा आहे. आधी न कळवता जमलात तर अटक होऊ शकते. शांतता मोजताना तिच्यातली भीती किती आणि समाधान किती, हे वेगळं काढायला तुमच्याकडे कुठली फूटपट्टी आहे? माझ्याकडे नव्हती.

आता रोख योजना. २०१५ मध्ये 'तकाफुल व करामा' सुरू झाली. तकाफुल म्हणजे एकमेकांना आधार, करामा म्हणजे सन्मान. तकाफुल मुलं असलेल्या गरीब कुटुंबांसाठी होती, मुलांची शाळेतली हजेरी आणि आरोग्य तपासणी या अटींवर. करामा वृद्ध आणि अपंगांसाठी. जागतिक बँकेनं सुरुवातीला ४० कोटी डॉलरचं कर्ज दिलं. तकाफुलची कार्डं बहुतांशी आईच्या नावावर निघतात. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०१६ मध्ये, इजिप्तनं आपला पाउंड बाजारभावावर सोडला आणि त्याची किंमत निम्म्यावर आली. म्हणजे बाईच्या हातात कार्ड पडलं आणि लगेच त्या कार्डावरच्या पैशांतली हवा गेली.

तरीही योजनेला कमी लेखू नका. ज्या बायकांकडे राष्ट्रीय ओळखपत्रच नव्हतं त्यांना या कार्डापायी ते काढावं लागलं. सरकारदरबारी आपलं स्वतःचं नाव आहे, हे काहींना चाळिशीत कळलं. गावात त्यांना नावानं कुणी हाक मारत नाही. थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात, 'उम्म अहमद', अहमदची आई.

अशीच एक उम्म अहमद मला अजून आठवते. अपर इजिप्तमधलं, म्हणजे दक्षिणेकडचं, एक गाव, एका खोलीची कचेरी, पंखा बंद. नवरा सहा वर्षांपूर्वी कामाला म्हणून गेला तो फिरकला नव्हता. तलाक नाही, मृत्यूचा दाखला नाही. आपल्याकडे अशा बाईला परित्यक्ता म्हणतात. तिथे शब्द आहे 'महगूरा', सोडून दिलेली. सरकारी यादीत विधवा, घटस्फोटित आणि महगूरा अशा तिघींनाही जागा आहे. पण विधवेकडे कागद असतो, घटस्फोटितेकडे कागद असतो. महगूरेकडे कागद नसणं हीच तर तिची अडचण. तिला साक्षीदार आणायचे होते, आणि साक्षीदार कोण, तर दीर आणि चुलत सासरा. त्यांनी का सांगावं की आमचा माणूस बायकोला टाकून गेला? रेशनचं 'तमवीन' कार्ड नवऱ्याच्या नावावर होतं आणि सासूच्या उशाखाली असायचं. रोटी मिळत होती, पण सासूच्या हातून.

वर घराच्या मालमत्तेवरून गुण द्यायची पद्धत. घरात काय काय आहे ते भरायचं, यंत्र आकडा काढतं, आकडा ठरलेल्या रेषेवर गेला की अर्ज बाद. हिच्या घरात फ्रिज होता. इजिप्तमध्ये लग्नात घरातल्या सामानाची यादी करतात, तिला 'कायमा' म्हणतात, बोलीभाषेत 'आयमा'. नवरा त्या यादीवर सही करतो की हे सामान बायकोचं आहे, मोडलं किंवा विकलं तर भरून देईन. कोर्टात ती यादी चालते. म्हणजे फ्रिज तिचा स्वतःचा, लग्न मोडलं तर तिच्या हातात राहणारी एकुलती वस्तू. ती आम्ही 'कुटुंबाची संपन्नता' म्हणून मोजली आणि तिला बाहेर काढलं. एका कायद्यानं दिलेलं संरक्षण दुसऱ्या योजनेत तिच्या विरुद्ध गेलं. फॉर्म भरणारी मुलगी गावातलीच होती, तिला हे पक्कं माहीत होतं. पण फॉर्मात "फ्रिज कुणाचा?" असा रकानाच नव्हता.

तुलना करायचीच असेल तर इथे करा. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस महाराष्ट्रात परित्यक्तांची चळवळ उभी राहिली, तेव्हा स्वतंत्र रेशनकार्ड ही त्यांची एक मोठी मागणी होती. दरमहा पंधराशे रुपये किती, यापेक्षा नवरा सोडून गेलेली बाई इथे आणि तिथे कुठल्या कागदावर अडते, हे ताडून पाहिलंत तर हाती काहीतरी लागेल.

आता असंतोषाकडे. मार्च २०१७ मध्ये मला एक गोष्ट कळली आणि त्यानंतर माझं मत बदललं. तोवर रेशनची रोटी स्मार्टकार्डावर मिळायला लागली होती, पण लाखोंचं कार्ड अजून कागदीच होतं किंवा हरवलेलं होतं. अशांसाठी प्रत्येक बेकरीकडे एक 'सोनेरी कार्ड' असायचं. बेकरीवाला त्यावर यंत्र चालवून कागदी कार्डवाल्यांना रोटी द्यायचा. त्यात चोरी होते म्हणून पुरवठा मंत्रालयानं सोनेरी कार्डाची मर्यादा प्रत्येक बेकरीला दिवसाला ५०० रोट्यांवर आणली. दुसऱ्याच दिवशी अलेक्झांड्रियात, कैरोजवळच्या इम्बाबात आणि आणखी काही ठिकाणी लोकांनी रस्ते अडवले. पुढे होत्या बायका. २०१३ चा कायदा तेव्हाही लागूच होता. तरी सरकारनं काही तासांत माघार घेतली, मंत्र्यांनी लोकांची माफी मागितली.

तकाफुलमधूनही नावं कमी होत होती. फेरतपासणीत हजारो कार्डं बंद पडली. तिथे रस्ता अडवलेला मी पाहिला नाही. असं का?

मला सापडलेलं उत्तर साधं आहे. रोटीसाठी सगळ्या एका रांगेत, एका वेळी, एका दरात उभ्या असतात. रोटी कमी झाली की ती सगळ्यांची एकाच सकाळी कमी होते, आणि ज्यांची कमी झाली त्या तिथेच, एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून उभ्या असतात. रोख रकमेचं तसं नाही. एकीला मिळते, शेजारणीला मिळत नाही, आणि दोघींना कारण माहीत नसतं. ज्या दिवशी बंद होते त्या दिवशी एटीएमसमोर एकटी बाई उभी असते. तिला वाटतं आपल्यातच काहीतरी कमी पडलं, किंवा कुणीतरी चुगली केली. ती शेजारणीवर डाफरते, मंत्रालयावर नाही. असंतोष संपत नाही, विखुरतो. त्याला 'कमी झाला' म्हणायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मी म्हणणार नाही.

जॉर्डनमध्ये याचीच दुसरी बाजू दिसली. २०१८ च्या सुरुवातीला तिथे ब्रेडवरचं अनुदान काढलं आणि बदल्यात ठरावीक उत्पन्नाखालच्या कुटुंबांना माणशी वर्षाला २७ दिनार दिले. सॉल्ट आणि करकमध्ये थोडी निदर्शनं झाली. करकला तर १९९६ मध्ये याच ब्रेडवरून दंगल झाली होती. पण सरकार पडलं ते ब्रेडवर पडलं नाही. मे महिन्याच्या शेवटी आयकराचं विधेयक आलं, वकील, डॉक्टर, इंजिनिअर यांच्या संघटनांनी संप केला, अम्मानच्या चौथ्या सर्कलवर रात्र रात्र गर्दी जमली आणि ४ जूनला पंतप्रधान हानी मुल्की यांनी राजीनामा दिला. म्हणजे मदत मिळालेले घरी राहिले आणि कुठल्याच यादीत नसलेले बाहेर आले. गरिबांची यादी जितकी बारीक करत जाल तितका यादीबाहेरचा, पण महिनाअखेरीला खिसा रिकामा असलेला वर्ग मोठा होतो, आणि संघटना त्याच्याकडे असतात. ट्युनिशियातल्या सिदी बूझिदचा मोहम्मद बुअझिझी आठवा, ज्याच्यापासून २०११ चे उठाव पेटले. १७ डिसेंबर २०१० ला त्यानं पेटवून घेतलं. फळांची गाडी, परवाना नाही, पालिकेच्या लोकांनी तराजू जप्त केलेला. असा हातगाडीवाला ना कामगार विम्यात बसतो, ना निराधारांत.

इथवर मी असंतोषाबद्दल बोलले, बायकांच्या हक्कांचं राहिलं. तिथे मला सगळ्यात जास्त शिकवलं ते कायद्यांच्या टोपणनावांनी.

सादातनी १९७९ मध्ये संसद बसलेली नसताना अध्यादेश काढून कौटुंबिक कायद्यात सुधारणा केली. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं तर पहिलीला घटस्फोट मागता यावा, तिला राहायला घर मिळावं, असं त्यात होतं. लोक त्याला 'जिहानचा कायदा' म्हणायला लागले, कारण जिहान या सादात यांच्या पत्नी. १९८५ मध्ये घटना न्यायालयानं तो रद्द केला, अध्यादेशाची पद्धत चुकली म्हणून. त्याच वर्षी थोडा पातळ करून तो पुन्हा आणावा लागला. २००० मध्ये 'खुला'चा कायदा आला. मेहेर परत करून आणि आर्थिक हक्क सोडून बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय लग्न मोडता येऊ लागलं. राष्ट्राध्यक्ष मुबारक सत्तेवरून गेल्यावर २०११ मध्ये तोच कायदा 'सुझानचा कायदा' म्हणून रद्द करायची मागणी झाली. सुझान या मुबारक यांच्या पत्नी. राजा गेला, आता राणीनं दिलेलंही परत घ्या! तो कायदा टिकला, पण थोडक्यात वाचला.

ज्या चौकात रोटी आणि स्वातंत्र्य मागितलं गेलं, त्याच चौकात ८ मार्च २०११ ला महिला दिनाच्या मोर्चावर पुरुष धावून गेले. दुसऱ्या दिवशी सैन्यानं पकडलेल्या तरुणींची 'कौमार्य तपासणी' केली. समीरा इब्राहिमनं खटला भरला आणि डिसेंबरात न्यायालयानं असल्या तपासण्यांवर बंदी घातली. पुढे लष्करी न्यायालयानं डॉक्टरला निर्दोष सोडलं. त्यामुळे जनतेचा उठाव आणि बायकांचे हक्क हातात हात घालून चालतात, असंही गृहीत धरू नका. २००६ च्या डिसेंबरात इजिप्तच्याच महल्ला शहरातल्या सरकारी कापड गिरणीत संप सुरू झाला तो बायकांनी यंत्रं सोडली म्हणून. "बाया इथे आहेत, बाप्ये कुठे आहेत?" असं ओरडत त्या पुरुषांच्या खात्यांतून फिरल्या. वाटाघाटीच्या टेबलाचा फोटो मात्र पुरुषांचाच असतो.

ट्युनिशियातही सुरुवात वरूनच झाली. १३ ऑगस्ट १९५६ ला तेव्हाचे पंतप्रधान बूर्गिबा यांनी कौटुंबिक संहिता आणली आणि बहुपत्नीत्व थेट बंद केलं. पण तिथे पन्नास-साठ वर्षांत बायकांच्या संघटना आणि कामगार संघटना उभ्या राहिल्या, वकील बाया तयार झाल्या, आणि तो कायदा बूर्गिबांचा न राहता त्यांचा झाला. २०१२ मध्ये नव्या घटनेच्या मसुद्यात बाई ही पुरुषाची 'पूरक' असा शब्द आला, तेव्हा त्याच १३ ऑगस्टला ट्युनिसच्या रस्त्यावर हजारो बाया उतरल्या. शब्द गेला. कुणी त्या संहितेला राष्ट्राध्यक्षांच्या बायकोचा कायदा म्हटलं नाही.

ट्युनिशियाचं कौतुक तिथेच थांबवते. सिदी बूझिदच्या शेतमजूर बाया पहाटे छोट्या ट्रकच्या मागच्या हौद्यात उभ्यानं कामावर जातात. गाडीवाला हौद्यात पाणी टाकतो, म्हणजे कुणी खाली बसू नये आणि जास्त बाया मावाव्यात. एप्रिल २०१९ मध्ये सब्बालाजवळ अशा गाडीच्या अपघातात बारा-तेरा माणसं गेली. त्यानंतर वाहतुकीचा कायदा आला. ट्रक मी नंतरही पाहिले.

आखाताबद्दल एवढंच. २०११ मध्ये शेजारी पेटल्यावर सौदी राजानं सुमारे १३० अब्ज डॉलरची पॅकेजं जाहीर केली. जून २०१८ मध्ये बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली, आणि त्यासाठी वर्षानुवर्षं भांडणारी लुजैन अल-हथलूल आदल्याच महिन्यात अटकेत गेली होती. हक्क दिला, पण तो मागितल्यामुळे मिळाला असं कुणाला वाटू नये, याचीही काळजी घेतली.

या सगळ्यातला माझा तर्क असा. कागदावर काही लिहिलेलं असो वा नसो, रोटी लोकांनी हक्काची मानली, म्हणून ती कापताना सरकार थरथरायचं. 'खुला' कायद्यात होता, पण पुष्कळांना तो बक्षिशीसारखा वाटत होता, म्हणून डळमळला. कागदावर काय लिहिलंय यापेक्षा, ते काढून घेतलं तर कोण कुणासोबत भांडायला उठेल, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तुमच्या प्रबंधाचं विधान याभोवती फिरवता येईल. पण उत्तर देशागणिक, कधी कधी जिल्ह्यागणिक बदलेल. संघटना बांधायची मुभा आहे का, तक्रार कुठे करायची ते बाईला माहीत आहे का, आणि यादी कुणी केली, यावर ते ठरेल. एकच देश घ्या, एकच योजना घ्या.

प्रश्नावली करताना "पैसे कशावर खर्च केले?" हा प्रश्न शेवटी टाका. सगळ्या बाया "मुलांवर" असंच सांगतात, मीही तसंच सांगितलं असतं. त्याऐवजी विचारा, "उद्या बंद झाले तर कुणाकडे जाल?" मी हे शेवटच्या दोन वर्षांत विचारायला लागले. कार्डाबद्दल विचारलं की बहुतेक जणी वर बोट दाखवायच्या आणि म्हणायच्या, "रब्बिना मौगूद", देव आहे. अर्ज बाद झालेली उम्म अहमदही तेच म्हणाली. मग तिला म्हटलं, आणि रोटी बंद झाली तर? ती हसली. म्हणाली, "मग फुर्नावर, बेकरीवर जाऊ. सगळ्याजणी असतील तिथे."